आधी आणणारीनं मशीनवर उभं राहायचं

परभणीच्या स्टेशन रोडवर, एका शिंप्याच्या दुकानावरच्या माडीत, बायकांचं पार्लर चालवणाऱ्या मॅडम. मला ज्यांनी हात दिला त्या ह्या. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढं लिहिताना माझं डोकं तापणार आहे, आणि तापल्या डोक्यात उपकार मागं राहून जातात.

डोकं तापायचं कारण असं. मागच्या लग्नसराईत मी सुरतेहून परभणीला मामेबहिणीच्या लग्नाला गेले होते. पंगतीत, सगळ्यांच्या देखत, मामी म्हणाली, "हिचा संसार त्या पार्लरवाल्या येड्या बाईनं मोडला बगा. न्हाईतर आज सोन्यानं पिवळी असती पोरगी." मी सातवीतून शाळा सोडलेली. चारचौघांत मला उत्तर सुचत नाही. सुचतं ते गाडी सुरतेजवळ आल्यावर. तर हे ते उत्तर आहे. मामीनं वाचावं, न वाचावं.

वेडी म्हणायला जागा होती, हे मी नाकारत नाही. मॅडम कुणालाच नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. "ए जिंतूर, खुर्ची सोड." "सेलू, तुझ्या भुवया झाल्या, ऊठ." दोघी एकाच गावच्या आल्या की एकीचं माहेर विचारून घेत. मी चारठाणा. माझ्या मायलाही चारठाणाच, फक्त तिच्यापुढं 'बाई' लावत. मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि त्याची तबकडी आतल्या बाजूला. गालात कायम लवंग. केस काळे करायला बसत आणि मधेच कंटाळत, त्यामुळं पुढचं डोकं कोळशासारखं आणि मागं सगळी विटकरी. वय विचारलं की म्हणत, "मी येलदरीच्या धरणाच्या आधीची." बस्स, त्यापुढं एक अक्षर नाही.

त्यांचे वडील निजामाच्या अमलात कुठल्याशा कचेरीत कारकून होते. मॅडम वाढल्या हैदराबादला, धंदा शिकल्या तिथंच, आणि का कोण जाणे परत येऊन परभणीत बसल्या. म्हणून बोलणं धेडगुजरी. हो म्हणायचं तर "हौ", नको म्हणायचं तर "नक्को", आणि राग आला की निखळ परभणी.

अंग बारीक करायला आलेल्या बाईला त्या आधी जेवू घालत. ऐकून हसू येईल, पण खरंच. बोहल्यावर चढायच्या आधी उपाशी राहून राहून डोळे खोल गेलेल्या पोरी यायच्या. मॅडम आतून ज्वारीची भाकरी आणि लोणी आणून पुढ्यात ठेवत. "खा. उपाशी बाईला मी हात लावत न्हाई. घेरी येऊन पडली म्हंजी तुझा बाप माझ्या दारात."

आणि ते मशीन. हैदराबादच्या कुठल्याशा पार्लरनं टाकून दिलेलं, आगगाडीच्या पार्सलात घालून मॅडमनी आणलेलं. लोखंडी पाट, त्यावर उभा खांब, खांबाच्या डोक्यावर मोटार आणि मोटारीला जोडलेला रुंद कापडी पट्टा. पाटावर उभं राहायचं, पट्टा कमरेमागून घ्यायचा आणि बटण दाबलं की अख्खी बाई थडथड उडायची. बांगड्या वाजायच्या, दात वाजायचे, बोलायला गेलं तर शब्दांचे तुकडे पडायचे. खाली शिंप्याच्या दुकानात पत्र्यावरच्या सुया नाचायच्या म्हणे. वीज गेली की बाई पट्ट्यात तशीच लटकलेली, आणि मॅडम खिडकीतून सगळ्या स्टेशन रोडला ऐकू जाईल असं ओरडायच्या, "धरण भरलंय आन् आमी अंधारात! कुणाच्या घरी जायली ही लाईट?"

ह्या मशीननं चरबी उतरते, कातडी घट्ट होते, मांडीवरच्या खळग्या बुजतात, असं गावभर झालं होतं. मॅडमनी मात्र तसं कधी म्हटलं नाही. विचारलं की सरळ सांगत, "अंग हलकं वाटतं. लहान होत न्हाई. कातडं हाय ते, कापड न्हाई, पाण्यात घातलं आन् आटलं असं व्हायला." बायका हसायच्या. बाई धंद्याचं गुपित फोडत नाही, असं समजून पुन्हा यायच्या.

ह्या सगळ्यावर एक कायदा होता. दुसऱ्या कुणी आणलेली बाई असली, म्हणजे सासूनं सून आणली, नणंदेनं भावजय आणली, आईनं लग्नाची पोर आणली, तर आधी आणणारीनं मशीनवर उभं राहायचं. तिचं झालं की मग पोरीचं. आपल्या पायानं आलेल्या बाईला हा कायदा लागू नव्हता.

पोखर्णीकडची एक मावशी होणाऱ्या भाचेसुनेला घेऊन आली होती. पोरगी चांगली अंगापिंडानं भरलेली, कामानं घट्ट झालेली. मावशीबाई दंडाला चिमटा काढून दाखवायला लागल्या, "हे बगा, हे लोंबतंय. आमचा पोरगा साहेब हाय. फोटोत दिसंल ना." त्यांचा स्वतःचा दंड त्या बोलण्याबरोबर झुलत होता. मॅडम म्हणाल्या, "हौ, दिसायलंय मला. या, उभ्या ऱ्हा." मावशीबाई ऐटीत चढल्या. बटण दाबल्याबरोबर पदर एकीकडं, चष्मा दुसरीकडं. "न-न-नर-सिं-हा, वा-वाचिव रे!" मॅडम शांतपणे लवंग चघळत उभ्या. "लोंबतं ते जायला येळ लागतो, मावशीबाई. दम धरा." उतरल्यावर बाईंना जमीन सापडेना. पोरगी तोंडात पदर कोंबून खुदखुदत होती. तिला मशीनवर चढवलंच नाही. भाकरी खाऊन गेली.

आता माझं. इथून पुढं माझा हात जरा जड पडतो.

मला सासरी परभणीत दिलं होतं. हे कचेरीत कारकून, घरी सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. आत्याबाईंचा शब्द म्हणजे घराचा शब्द. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणं माहेरी, चारठाण्याला. मुलगी झाली. मायनं माझं सगळं केलं. तेल, ऊन पाण्याची आंघोळ, बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा. आणि शेक झाला की वडलांचं मऊ झालेलं धोतर घेऊन माझं पोट आवळून बांधायची. गुडघा टेकवून, ओठ दाताखाली धरून बांधायची ती. तरी पोटावर रेषा आल्याच, आणि कातडी सैल राहिली ती राहिली. नऊ महिने एक जीव जिथं वाढला, तिथं खूण राहणार नाही तर कुठं राहणार?

बारशाला आत्याबाई आल्या. नातीला मांडीवर घ्यायच्या आधी त्यांनी माझी कंबर बघितली. मायला म्हणाल्या, "पोट बांधलं न्हाई का, ईहीनबाई? आमी चांगली पोर धाडली होती तुमच्याकडं." आमच्यात बाळंतिणीचं पोट हा माहेरचा मान असतो. सुटलं की माहेरानं हयगय केली. माय तिथंच शरमेनं पाणी पाणी झाली. ह्यांनी बाहेर ओट्यावर सगळं ऐकलं आणि तिथूनच म्हणाले, "आई म्हणती ते बरोबर हाय." जाताना आत्याबाईंनी लग्नात मला घातलेला चांदीचा कमरपट्टा मायच्या हातात ठेवला. "हा पैल्यासारखा बसला की कळवा. न्यायला येतो."

नात न्यायला नव्हे, सून न्यायला नव्हे. पट्टा बसला की! मला काळजी करायची लहानपणापासून खोड. त्या दिवसापासून तर मी घास गिळताना पोटावर हात ठेवायची. रात्रंदिवस डोक्यात एकच: हे लोक न्यायलाच आले नाहीत तर? लेकराला घेऊन मी कुणाच्या दारात?

तेव्हा मामीनं तोड काढली. होय, ह्याच मामीनं! "परभणीला एका पार्लरवालीकडं मशीन हाय, मी नेते हिला." मी आणि माय लेकराला घेऊन परभणीला मामाकडं राहायला आलो, आणि मामी मला माडीचा जिना चढवून घेऊन गेली. कायदा तिला माहीत नव्हता. कुणी आणलं, असं मॅडमनी विचारलं, तेव्हा मोठ्या मानानं म्हणाली, "मी." मामीचा अंबाडा सुटून गळ्यात येईपर्यंत मॅडमनी मशीन बंद केलं नाही. ते शल्य आहे तिला. संसार मोडला ही नंतरची गोष्ट.

मी रोज जायला लागले. मशीनवर थडथडताना रडायची, म्हणजे रडणं कुणाला कळत नाही. मॅडमना कळायचं. "ए रडके, मोटारीत पाणी जाईल." लेकरू झोळीत घातलेलं असायचं; त्याला झोका द्यायच्या त्या मात्र पायानं, हातात दुसरीच्या भुवयांचा दोरा.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मॅडम आरशापुढं बसून मानेला कसलंसं मलम लावत होत्या, खालून वर, खालून वर, मन लावून. मी म्हणाले, "तुमीच म्हणता कातडं आटत न्हाई. मग हे कायला लावायलात?"

"आवडतं मला. वास चांगला हाय."

"पण मान तशीच हाय ना?"

"हौ, तशीच हाय." आरशातूनच माझ्याकडं बघत म्हणाल्या, "पण माझ्या मानेसाठी मला कुणी घराबाहेर ठिवलं न्हाई, चारठाणा. मी माझ्यासाठी लावायली. तू कुणासाठी उडायलीस त्या मशीनवर?"

मी झोळीला उगाच झोका दिला. आजही ती दुपार आठवली की मान खाली जाते आणि राग वर येतो, दोन्ही एकदम.

इकडं मायचा धीर सुटला होता. तिनं मला न सांगता कमरपट्टा सोनाराकडं नेला आणि मागच्या बाजूला कड्या वाढवून आणल्या. मग सासरी निरोप धाडला, की पट्टा बसला, या न्यायला. बिचारी. लेकीचं पोट कमी होईना म्हणून तिनं चांदी वाढवली.

आत्याबाई सरळ आल्या नाहीत. त्यांनी उलट कळवलं, "आमी पार्लरातच येतो. पुन्हा सुटणार न्हाई, हे त्या बाईच्या तोंडून ऐकायचंय." तांब्या-पितळेचं भांडं घेताना दुकानदाराकडून बोली करून घेतात, तसं.

आले. आम्ही आधीच तिथं: माय, मामी, मी, झोळीत लेकरू. आत्याबाई पुढं, हे मागं. दारावर 'पुरुषांना प्रवेश नाही' अशी पाटी. हे पाटी वाचून उंबऱ्यात थबकले. मॅडम म्हणाल्या, "या या जावई. आज हाय प्रवेश."

आत्याबाई बसल्या आणि विचारलं, "ग्यारंटी काय? पुन्हा लेकरू झालं तर पुन्हा सुटंल का?"

"सुटंल," मॅडम म्हणाल्या.

"मग तुमी केलं काय इतके दिवस?"

"हलवलं तिला. पोरीला झोप लागायली आता. रेषा तिथंच हायेत. त्या माझ्याच्यानं जात न्हाईत आन् कुणाच्याच्यानं जात न्हाईत."

"आवो, पण ईहीनबाईंनी तर कळवलं की पट्टा बसला!"

मायनं पिशवीतून पट्टा काढला. आत्याबाई मला म्हणाल्या, "पदर काढ. दाव."

ह्यांच्या समोर, सगळ्यांच्या समोर. आणि माझा हात पदराकडं गेलासुद्धा. आम्हाला असंच वाढवलेलं असतं, मोठ्यांनी म्हटलं की हात आपोआप जातो. तेवढ्यात मॅडमनी मायच्या हातातला पट्टा उचलला.

"थांब चारठाणा. इथला कायदा हाय. आधी आणणाऱ्यानं."

"आमी कुठं आणली तिला?" आत्याबाई म्हणाल्या.

"धाडली तर तुमीच ना? लग्न करून घरात कुणी आणली? ह्यांनी. या जावई. शर्ट वर."

ह्यांना वाटलं थट्टा आहे. हसले. मॅडम हसल्या नाहीत. शिंप्यानं माप घ्यावं तशा पुढं झाल्या आणि सदऱ्यावरूनच पट्टा त्यांच्या कमरेभोवती घातला. लग्नानंतर ह्यांचं पोट चांगलंच पुढं आलं होतं. घरात कुणी त्यावर एक शब्द काढला नव्हता. मायनं वाढवलेल्या कड्या असूनही दोन टोकांमधे वीतभर अंतर राहिलं.

"आग्गोबाई! तुमचं बाळंतपण कधी झालं, जावई? पोट कुणी बांधलं न्हाई का तुमचं?"

पहिली हसली ती मामी. फिस्सकन. हे तिला आठवत नसेल, मला आठवतं.

आत्याबाईंनी झेप घालून पट्टा ओढून घेतला, आणि त्यांच्या बोटांना नव्या कड्या लागल्या. "ह्या कुठल्या? ह्या आमच्या न्हाईत. फसवायलाव आमाला? मायलेकी मिळून फसवायलाव?" मायनं सरळ त्यांचे पाय धरले. "चुकलं, ईहीनबाई, पदरात घ्या. लेकरू हाय तिचं."

माझी माय. गुडघा टेकवून माझं पोट बांधणारी. मी जन्मात मोठ्यानं बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"माय, ऊठ. आत्याबाई, पोट असंच राहणार. ह्याच्यातूनच तुमची नात आली. न्यायचं तर असंच न्या. पट्टा घालून मी येणार न्हाई." आणि मग ह्यांच्याकडं बघून म्हणाले, "तुमी बोला. तुमी काय म्हणता?"

झोळीत लेकरानं कूस बदलली. हे सदरा खाली ओढत म्हणाले, "आईच्या पुढं मी काय बोलू?"

एवढंच. एवढं बोलून माणूस जिना उतरून गेला. झोळीत वाकून बघितलंसुद्धा नाही. पुढं कधी न्यायला आले नाहीत, आणि वर्ष उलटायच्या आत दुसरी केली. आता मामीनं सांगावं, संसार कुणी मोडला. ज्यानं पट्ट्यानं बायको मोजली त्यानं, का जिनं तोच पट्टा त्याला लावून बघितला तिनं? एका बाईच्या चेष्टेनं जो मोडतो, तो संसार होता का? लाज त्या लोकांना वाटायला पाहिजे होती. वाटली ती माझ्या मायला. गावानं वेडं ठरवलं ते मॅडमना. हे कुठलं माप?

मायही त्या दिवशी मॅडमवर कडाडली. "तुमी माझ्या लेकीचं घर घालवलं!" मॅडम, ज्या कुणाचंही ऐकून घेत नसत, त्यांनी ते ऐकून घेतलं. आत गेल्या, भाकरी घेऊन आल्या, आणि माझ्यापुढं ठेवून म्हणाल्या, "रडून झालं की खा. उद्यापासून दोरा धरायला शिक."

दोरा शिकवला, मालिश शिकवली, हात चुकला की बोटांवर फणी मारली. गोड बोलल्या नाहीत कधी. मग एक दिवस खालच्या दुकानातून ट्रंक कॉल लावला, ओरडून ओरडून बोलल्या, आणि वर येऊन म्हणाल्या, "सुरत. हैदराबादला माझ्याबरोबर शिकलेली एक हाय तिथं. लेकरासकट ठिवून घेती."

निघायच्या दिवशी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता. एस.टी. बंद, माय चारठाण्यात अडकलेली. मला वाटलं, झालं, आता काही खरं नाही. स्टेशनवर पोचवायला मॅडम एकट्या, एका हातात माझी पेटी, खांद्यावर लेकरू. डब्यात चढून त्यांनी आधी खिडकीजवळच्या माणसाला उठवलं आणि मग सगळ्या डब्याला बजावलं, "ही माझी कुणी न्हाई. पण हिला कुणी त्रास दिला तर मी सुरतेपर्यंत येईन, सांगून ठिवते." लोक खरंच घाबरले. रात्रभर एका म्हातारबुवांनी माझ्या लेकराला पाणी आणून दिलं.

इथं सुरतेत आता नवी मशीनं आली आहेत. गरम करणारी, झिणझिण्या आणणारी. भिंतीवर फोटो, आधीची बाई आणि नंतरची बाई. नवरे स्वतः गाडीवरून सोडून जातात, "जरा घट्ट करून द्या हिला" म्हणतात, जसं काही नळ गळतोय. आमची मालकीण चांगली आहे, पण 'फरक पडेल' असं म्हणायला सांगते. मी 'बरं वाटेल' म्हणते. त्यावरून बोलणी खाते. आणणाऱ्याला मशीनवर चढवायची धमक माझ्यात नाही. तिथं मॅडमच पाहिजेत.

त्या लग्नाच्या वेळी मी माडीवर जाऊन आले. मशीन बंद पडलेलं, त्यावर टॉवेल वाळत होते. मॅडमचा उजवा खांदा धरलाय. हात वर जात नाही, स्वतःची वेणी घालता येत नाही. मी फणी घेतली तर हिसकावून घेतली. "नक्को. गिऱ्हाईक हाय मी का?" त्यांना माहेर नाही, सासर नाही. कुणी कधी त्यांना बाजेवर निजवून तेल लावलं असेल असं वाटत नाही.

मॅडम, सध्या मी आणि पोर दुसऱ्याच्या खोलीत राहतो. आपली खोली झाली की मी तुम्हाला न्यायला येणार आहे. बाज घेईन, शेगडी घेईन, खांदा शेकीन, तुम्ही पाहिजे तेवढ्या शिव्या द्या. बाळंतिणीचं करतात तसं सगळं तुमचं करीन. आणि परत कधी जायचं, हे आपण दोघींनी ठरवायचं. तिसऱ्या कुणाला विचारायचं नाही.